नाही म्हणण्याचा अधिकार

लॅपटॉपचे बटण दाबावे आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटावी : सुरू होण्यासाठी लागणारे साधन सापडले नाही. कंपनीगणिक इंग्रजी शब्दरचना थोडी बदलते, आशय तोच. ही ओळ वाचणारा माणूस मात्र तेवढ्यावर थांबत नाही. 'सापडले नाही'वरून तो 'डिस्क गेली'वर येतो आणि तिथून एका उडीत 'सगळे गेले'वर पोचतो : मुलीच्या बारशाचे फोटो, अर्धा लिहिलेला प्रबंध, सोसायटीचा हिशेब. यंत्राने केलेले विधान लहान होते, माणसाने काढलेला निष्कर्ष फार मोठा आहे. या दोहोंमधले अंतर पायरी-पायरीने चालून जाणे म्हणजे बिघाड शोधणे. एखादी गोष्ट दिसली नाही, यावरून ती नाही असे कधी म्हणता येते, हा प्रश्न आपल्याकडच्या दर्शनकारांनी हजाराहून अधिक वर्षे लावून धरला. लॅपटॉपच्या पोटातली न दिसणारी साठवणीची पट्टी त्या जुन्या वादाला आजचे उदाहरण पुरवते.

मुंबईतल्या ज्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि ज्याला सगळे अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तिथल्या दुरुस्तीच्या गाळ्यांत 'हार्ड डिस्क उडाली' असे सांगत येणारी गिऱ्हाइके रोजचीच. जाणता कारागीर या निदानाला होकारही देत नाही आणि नकारही. तो विचारतो, "कुठे दिसत नाहीये? बायोसमध्ये, की विंडोजमध्ये?" या साध्या प्रश्नात अर्धे शास्त्र आहे. न दिसणे हे नेहमी कोणाला तरी न दिसणे असते. बायोसला दिसते पण विंडोजला दिसत नाही, हा एक आजार. बायोसलाही दिसत नाही, हा दुसरा. दोघांनाही दिसते पण आकार शून्य दाखवते, हा तिसरा. दिसते, आकारही बरोबर, तरी तिच्यावरून यंत्र सुरू होत नाही, हा चौथा; आणि या चौथ्यात तर डिस्क हरवलेलीच नव्हती, तिच्यावरची सुरुवातीची काही पाने तेवढी फाटली होती. चारही आजारांत पडद्यावरची ओळ जवळपास सारखीच असते. म्हणून कारागीर आधी पाहणारा कोण ते ठरवतो, आणि मग न दिसलेल्याकडे वळतो.

एके काळी हा प्रश्न उद्भवूच शकला नसता. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवलेले ३५० नावाचे डिस्क-यंत्र १९५६ साली रॅमॅक या संगणकाबरोबर बाजारात आले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, एक टनाहून अधिक वजन, आणि एवढ्या पसाऱ्यात मावणारी अक्षरे ५० लाख. ते खोलीत आहे की नाही हे विचारायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. पुढे १९८० साली सीगेटची एसटी-५०६ आली, ५ मेगाबाइटची, मेजावरच्या संगणकात बसणारी. ती डोळ्यांआड गेली, तरी कानाला कळत असे. सुरू होताना घरघरे, बिघडली की टकटक करी. मग तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली आणि तीन वर्षांनी तिचा नँड हा प्रकार आला. त्याच वंशातली आजची एम.२ पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. तिच्यात रॅमॅकच्या दोन लाख पटींहून जास्त मजकूर मावू शकतो, आणि ती फिरत नाही, वाजत नाही, थरथरत नाही. हातात घेऊन पाहिली तरी जिवंत आणि मेलेली पट्टी सारखीच दिसते. साठवण जसजशी लहान होत गेली तसतशी आपली ज्ञानेंद्रिये तिच्या बाबतीत निकामी होत गेली. ती आहे की नाही हे कळण्याचा एकच मार्ग उरला : यंत्राने तिला हाक मारायची आणि उत्तराची वाट पाहायची.

ही हाक कशी मारली जाते ते पाहण्यासारखे आहे. वीज आल्याबरोबर फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचा मुक्काम असलेला पहिला प्रोग्राम, ज्याला कारागीर बायोस म्हणतो, वर्गशिक्षकाने हजेरी घ्यावी तसा जोडणीतल्या एकेका जागेला विचारत जातो : तू कोण? प्रत्येक उपकरणाने आधी आपल्या निर्मात्याचा क्रमांक सांगायचा असतो. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे, आपल्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरची आठवण म्हणून. ज्या जागी कोणीच नाही तिथून काय उत्तर येणार? तिथून शून्य येत नाही. तिथून सगळे एक येतात, सोळाच्या सोळा बिटांत. हा क्रमांक कोणत्याही कंपनीला दिला जाणार नाही असा नियमच आहे. म्हणजे यंत्राच्या व्यवहारात अभावाला स्वतःचा आकडा आहे, नोंदवहीत स्वतःची जागा आहे. पण हा आकडा तीन वेगळ्या परिस्थितींत सारखाच येतो : स्लॉट रिकामा असला तरी, पट्टी मेलेली असली तरी, आणि पट्टी धडधाकट असून तिच्यापर्यंत वीज पोचली नसली तरी. हजेरीत 'गैरहजर' लिहिले गेले. मूल घरी आहे, आजारी आहे की वर्गात मागच्या बाकावर पेंगत आहे, हे त्या नोंदीतून कळत नाही.

अभाव हे एखाद्या वस्तूसारखे जाणण्याजोगे काही आहे का, यावर भारतीय दर्शनांत मोठे वाद झाले. जमिनीवर घडा नाही, हे त्या वादातले नेहमीचे उदाहरण. न्याय-वैशेषिकांनी अभावाला एक पदार्थ मानले. मीमांसकांत दोन तट पडले. प्रभाकराच्या मते घड्याचा अभाव म्हणजे नुसती मोकळी जमीन. जमीन दिसली, एवढेच खरे, तिच्याहून वेगळे 'नसणे' असे काही तिथे नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने हे मानले नाही. 'घडा नाही' हे ज्ञान आपल्याला खरोखर होते, ते डोळ्यांनीही होत नाही आणि अनुमानानेही नाही, म्हणून त्याने न दिसण्यालाच ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन ठरवले : अनुपलब्धी. अद्वैत वेदान्त्यांनीही ते उचलले. मात्र अट एक : अनुपलब्धी योग्य हवी. घडा असता तर तो दिसला असताच, अशी सारी परिस्थिती असताना तो दिसला नाही, तरच 'नाही' म्हणायचे. सतराव्या शतकातल्या 'वेदान्तपरिभाषे'त धर्मराज अध्वरींद्राने हे उजेड-अंधाराच्या साहाय्याने समजावले आहे. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. गडद अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध झाले नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने हीच गोष्ट आणखी कडक शब्दांत सांगितली आहे : जी वस्तू आपल्याला दिसण्याच्या टप्प्यातच नाही, तिच्या न दिसण्यातून फक्त संशय निष्पन्न होतो, निर्णय नव्हे.

संगणकाच्या पडद्यावरची ती ओळ या कसोटीवर लावली की तिचे खरे वजन कळते. ती अनुपलब्धी आहे खरी, पण योग्य अनुपलब्धी आहे की नाही ते अजून ठरायचे आहे. बिघाड शोधणारा जे काही करतो ते सगळे उजेड आणण्याचे काम असते. पट्टी शोधण्याआधी तो पाहणे दुरुस्त करतो.

असलेली वस्तू न दिसण्याची कारणे किती? ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त सातव्या कारिकेने आठ कारणे मोजली आहेत : वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडलेले असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू फार सूक्ष्म असणे, मध्ये आडपडदा असणे, बलवान वस्तूने तिला झाकोळणे, आणि सारख्या वस्तूंत ती मिसळून जाणे. सांख्यांना प्रकृती दिसत नसूनही ती आहे हे सांगायचे होते, म्हणून ही यादी. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायातही हीच आठ कारणे येतात, आणि वैद्याच्या हाती ती यादी अधिक शोभते. रोग दिसत नाही म्हणून रोग नाही असे म्हणणारा वैद्य रोग्याला मारतो. लॅपटॉप उघडून बसलेल्या कारागिराची जात वैद्याची.

आता त्या यादीतून लॅपटॉपकडे पाहू. सूक्ष्मतेचे कारण सर्वांत आधी तपासण्याजोगे, कारण तपासायला पैसे पडत नाहीत. एम.२ पट्टीच्या टोकाला असलेल्या सोनेरी संपर्कांमधले अंतर अर्धा मिलिमीटर असते. लॅपटॉप पडला, स्क्रू सैल झाला, पट्टी केसभर सरकली, की हाक तिच्यापर्यंत जात नाही. म्हणून चार्जर काढणे, बॅटरीची जोडणी सोडवणे, बटण काही वेळ दाबून उरलीसुरली वीज घालवणे, पट्टी काढून संपर्क पुसून पुन्हा नीट बसवणे, हा पहिला उपचार. अनेकदा तो शेवटचाही ठरतो. इंद्रिय बिघडणे म्हणजे स्लॉट किंवा बोर्ड नादुरुस्त असणे. जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्ड यांना जोडणारी चपटी केबल हे असेच दुखरे इंद्रिय असते. मन ठिकाणावर नसणे म्हणजे सेटिंग भलतीकडे असणे. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती मेली की बायोसने लक्षात ठेवलेल्या निवडी पुसल्या जातात आणि यंत्र कारखान्यातून निघाले तेव्हाच्या सवयींवर परत जाते. मग ते बूटसाठी नेटवर्क धुंडाळत बसते, किंवा नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर जुन्या पद्धतीची खूण शोधते. डिस्क समोर असते, लक्ष दुसरीकडे असते.

दूर असणे हे कारण लॅपटॉपच्या पोटात हास्यास्पद वाटेल. पण यंत्रात अंतर काळाने मोजतात. एनव्हीएमई जातीची ड्राइव्ह आपल्याला तयार व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे अर्ध्या-अर्ध्या सेकंदांच्या हिशेबात स्वतःच जाहीर करते, आणि विचारणाऱ्याने तेवढे थांबावे अशी अपेक्षा असते. अचानक वीज गेल्यावर काही एसएसडींना आपल्या आतला नकाशा, म्हणजे कोणता मजकूर कोणत्या पेशीत ठेवला आहे याची सारणी, पुन्हा जुळवावी लागते. त्याला नेहमीपेक्षा वेळ लागतो. घाईतले फर्मवेअर तेवढे थांबत नाही आणि 'नाही' म्हणून मोकळे होते. अशा वेळी ड्राइव्हला नुसती वीज देऊन, काही न विचारता अर्धा तास ठेवावे हा सल्ला उत्पादकांकडूनही मिळालेला आहे. काहीच न करणे हा उपचार ऐकायला विचित्र वाटतो, पण उशिरा उत्तर देणाऱ्याला उत्तर देऊ देणे एवढाच त्याचा अर्थ.

फार जवळ असणे हे कारण टीकाकारांनी डोळ्यातल्या काजळाच्या उदाहरणाने समजावले आहे : डोळ्याला जग दिसते, आपल्यातले काजळ दिसत नाही. संगणकात याचे फार देखणे रूप आहे. डिस्क वाचण्यासाठी जो ड्रायव्हर लागतो तो त्या डिस्कवरच असतो. मग पहिल्यांदा ती वाचायची कशी? प्रत्येक कार्यप्रणालीने हा तिढा आपापल्या परीने सोडवला आहे. लिनक्स सुरुवातीला एक लहानशी तात्पुरती फाइल-व्यवस्था स्मृतीत घेते आणि तिच्यातल्या ड्रायव्हरांनी खरी डिस्क उघडते. विंडोज सुरू होताना लागणारे ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवते. कुणी मधल्या काळात बायोसमध्ये जाऊन साठवणीची पद्धत बदलली, तर ती ज्या डोळ्याने पाहायला शिकली होती तो डोळाच बदलतो, आणि ज्या डिस्कवरून ती त्या क्षणी उठत असते तीच मला उघडता येत नाही, असे सांगत निळा पडदा दाखवून ती थांबते.

ही पद्धत बदलण्याची वेळ येते ती आडपडद्यामुळे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये व्हीएमडी नावाचा एक मध्यस्थ असतो. तो चालू असला की ड्राइव्ह त्याच्या पाठीमागे राहते. बायोसला ती दिसते; पण विंडोज नव्याने टाकायला बसलेल्या माणसाला कोणतीही ड्राइव्ह सापडली नाही असे उत्तर मिळते आणि बाजूला ड्रायव्हर द्या अशी विनंती. शहाणा उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरून त्या मध्यस्थाचा ड्रायव्हर देणे. घाईचा उपाय म्हणजे मध्यस्थालाच बंद करणे. नव्या कोऱ्या लॅपटॉपवर तो चालून जातो. आधीच विंडोज असलेल्या लॅपटॉपवर मात्र वर सांगितलेला निळा पडदा येण्याचा धोका, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्लीची मागणी. ती किल्ली कुठे लिहून ठेवली आहे हे बहुतेकांना तेव्हाच आठवेनासे होते.

झाकोळणे म्हणजे दिवसा तारे न दिसणे. काही बोर्डांवर एका स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवली की तिला लागणाऱ्या वाहिन्या दुसऱ्या जोडणीकडून काढून घेतल्या जातात आणि तिथली डिस्क गप्प होते. आणि सारख्यात मिसळणे? दोन एम.२ पट्ट्या शेजारी ठेवा. एक साटा भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमई. रुंदी तीच, लांबी तीच, खाचेत थोडा फरक, आणि साटाची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बिनतक्रार बसतेही. तो स्लॉट फक्त एनव्हीएमईच जाणत असेल, तर ही पट्टी तिथे जन्मभर दिसणार नाही आणि तरीही ती निर्दोष असेल. रूप सारखे असल्याने फसणे थोरांनाही चुकलेले नाही. गॅलिलिओने १६१२ च्या डिसेंबरात गुरूचे निरीक्षण करताना नेपच्यूनची नोंद केली होती, पण तारा म्हणून. ग्रह म्हणून तो सापडायला १८४६ साल उजाडावे लागले.

आठही कारणे तपासायची तर हातात एक पद्धत हवी. न्यायशास्त्रात तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असले की ते असते, हे नसले की ते नसते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या त्यांचा गाभाही हाच. दुरुस्तीच्या टेबलावर ती अदलाबदलीच्या रूपाने येते. चांगली म्हणून माहीत असलेली ड्राइव्ह या स्लॉटमध्ये लावायची. संशयित ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात लावायची. पहिली दिसली आणि दुसरी कुठेच दिसली नाही, तर दोष पट्टीत. पहिलीही दिसली नाही, तर दोष पाहणाऱ्यात. अर्धीच अदलाबदल करून निष्कर्ष काढणारा फसतो. यूएसबीच्या डबीत घालून पाहणारा तर आणखी फसू शकतो, कारण काही डब्या फक्त एनव्हीएमई ओळखतात आणि साटाच्या निरोगी पट्टीलाही मृत ठरवतात. ज्या साधनाने परीक्षा घ्यायची त्याचीच आधी परीक्षा घ्यावी लागते.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे विचारणाऱ्याला उत्तर आहे : चुकीचा 'नाही' खरे नसणे घडवून आणतो. विंडोजला एखादी डिस्क दिसते, पण तिच्यावरचा विभागणीचा तक्ता वाचता येत नाही. मग ती नम्रपणे विचारते, ही डिस्क वापरण्याआधी तयार करून घेऊ का? 'हो' म्हणणाऱ्याच्या डिस्कवर नवा कोरा तक्ता लिहिला जातो. त्यापुढे जाऊन फॉरमॅट केले आणि ती एसएसडी असली, तर कार्यप्रणाली तिला त्या जागा आता मोकळ्या समज असे कळवते आणि ड्राइव्ह त्या पेशी आपल्या सवडीने खरोखरच पुसून टाकते. आपल्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा प्रागभाव. ती नष्ट झाल्यानंतरचा प्रध्वंसाभाव. तिन्ही काळी नसण्याचा अत्यंताभाव. आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा अन्योन्याभाव. लॅपटॉपचा दुसरा, रिकामा स्लॉट हा प्रागभाव. फक्त साटासाठी जोडलेल्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह दिसणे कधीच नव्हते आणि नसेल, तो अत्यंताभाव. ड्राइव्ह दिसते पण ती भलतीच कोणी असल्यासारखी, तो अन्योन्याभाव. एका विशिष्ट कंट्रोलरच्या एसएसडी बिघडल्या की आपले विक्रीचे नाव विसरून 'साटाफर्म एस११' असे कारखान्यातले नाव सांगू लागतात, ते याच वर्गातले. आणि 'हो'वर केलेली ती एक टिचकी म्हणजे प्रध्वंसाभाव, आपल्या हाताने केलेला.

दोन घटना शेजारी ठेवल्या की हे वर्गीकरण केवळ शोभेचे नाही हे पटते. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्का एक दिवस संगणक सुरू करताना बायोसला दिसेनाशा झाल्या. दोष डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने तो मान्य केला, आणि आतला डेटा शाबूत आहे, तो आम्ही मोफत काढून देऊ, असे जाहीर केले. म्हणजे हजारो घरांत 'गेली' म्हणून ठरवलेली डिस्क गेलेली नव्हती. तिच्या दारातला पहारेकरी बेशुद्ध होता. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला : ३२,७६८ तास वीज मिळाल्यावर त्या बंद पडतील, आणि मग ड्राइव्हही परत मिळणार नाही, डेटाही नाही. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. काळाने पाहिले तर ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ज्यांनी एकाच दिवशी या ड्राइव्ह बसवल्या त्यांच्या एकाच तासात जाणार होत्या. एक मेली तर दुसरी आहे या भरवशावर उभी असलेली सगळी व्यवस्था तिथे कोसळते. पहिल्या घटनेत धीर धरणाऱ्याचे सगळे वाचले असते. दुसरीत वेळेवर फर्मवेअर बदलण्यावाचून कशाचाच उपयोग नव्हता. दोन्हींत पडद्यावरची ओळ मात्र एकच.

'ठीक आहे' या उत्तराचीही तीच गत. डिस्का आपल्या प्रकृतीचे आकडे स्मार्ट नावाच्या व्यवस्थेतून सांगत असतात. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, अशा होत्या की त्यांनी सर्वांत बोलक्या मानलेल्या चारही निर्देशकांत आधी काहीही सांगितले नव्हते. धोक्याची सूचना दिसली नाही, म्हणून धोका नाही, हीही एक अयोग्य अनुपलब्धीच.

अलीकडे अडचण वेगळ्याच बाजूने वाढली आहे. अनेक लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावर थेट सोल्डर केलेली असते, आणि मजकूर प्रोसेसरच्या शेजारच्या सुरक्षा-चिपमधल्या किल्लीने कुलूपबंद. त्यामुळे लॅपटॉप पातळ होतो आणि चोराच्या हाती डेटा पडत नाही, हे दोन्ही फायदे खरे. पण काढून पाहण्याजोगे काही उरले नाही की अदलाबदल संपते, अन्वय-व्यतिरेक संपतो, आणि पाहणे दुरुस्त करण्याची सोय मालकाच्या व कारागिराच्या हातून निघून जाते. उरतो फक्त यंत्राचा पहिला 'नाही', ज्याच्यावर अपील करायला न्यायालय नाही. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सहसा पैशांच्या अंगाने होते. तो ज्ञानाचा हक्कही आहे, हे फारसे बोलले जात नाही.

नोंदवह्या आणि यंत्रे जगाचे निर्णय करू लागली की हा प्रश्न टेबलावरून उतरून रस्त्यावर येतो. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा विटा वाहून, भांडी घासून झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. बाई समोर उभी असते. इथे इंद्रिय यंत्राचे दुबळे, आणि अभाव लिहिला जातो तो माणसाचा. इतिहासातही हेच. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल बखरींच्या आधाराने दीर्घकाळ १६२७ धरले जात असे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याकडे एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. पुढे स. म. दिवेकरांनी १९२७ साली 'शिवभारत' प्रकाशात आणले, त्यातही तीच तिथी. शकावली आधीही होतीच, घराण्याच्या दप्तरात. १९१६ पूर्वी '१६३० ला पुरावा नाही' असे म्हणणाऱ्याचे विधान खरे होते. 'म्हणून १६३० नव्हे' असे म्हणणाऱ्याचे नव्हते.

याचा अर्थ कधीच 'नाही' म्हणू नये असा नव्हे. कुमारिलाचा मुद्दा नेमका उलट होता : अभाव कळतो, आणि कळला की ते ज्ञानच असते. काही डिस्का खरोखर मेलेल्या असतात. वीज पोचते आहे, याच स्लॉटमध्ये दुसरी ड्राइव्ह दिसते आहे, ही मात्र दोन निराळ्या यंत्रांत आणि योग्य त्या डबीतही गप्प आहे, वाट पाहूनही गप्प आहे, एवढे झाल्यावर कारागीर जेव्हा नाही म्हणतो तेव्हा त्याला पुढचेही सांगता येते : इथून पुढे डेटा काढणारी प्रयोगशाळा, खर्च इतका, आशा एवढी, आणि तुमची प्रत दुसरीकडे असेल तर यातले काहीच करू नका. यंत्राने काही सेकंदांत दिलेल्या नकारातून यातले काहीही निघत नव्हते.

आपण 'आहे' म्हणताना पुरावा मागतो आणि 'नाही' फुकट देऊन टाकतो. खरे तर उलट हवे. घाईने म्हटलेले 'आहे' पुढच्याच पावलाला उघडे पडते. वस्तू हाती लागत नाही आणि चूक कळते. घाईने म्हटलेले 'नाही' शोधच बंद करते, त्यामुळे ते चूक होते हे दाखवायला कोणी मागे राहत नाही. ज्या विधानाला पुढे कोणी तपासणार नाही, त्याची तपासणी ते उच्चारण्यापूर्वीच व्हायला हवी, आणि ती करण्याची जबाबदारी उच्चारणाऱ्याची.